बरोबरीची जोड

वाघ श्रेष्ठ की सिंह, या वादात बालपणी ज्याने भाग घेतला नाही असा मनुष्य विरळा. परंतु वय वाढले म्हणजे हा वाद आपोआप मिटतो अशी समजूत मात्र इतिहासाच्या कसोटीस उतरत नाही, कारण ज्यांच्या हाती दौलत आणि हुकमत आली त्यांनी याच वादाचा निकाल लावण्यासाठी भिंती उभारल्या, पशू पोसले, त्यांच्यावर चाकरमाने नेमले आणि पैजांचे दरसुद्धा बांधून दिले. अबुल फजलच्या ‘आईन-ए-अकबरी’त हरणांच्या झुंजीवर कोणत्या दर्जाच्या माणसाने किती रकमेची पैज लावावी याचे रीतसर कलम आहे, आणि ते वाचताना आपण एखाद्या करमणुकीचे वर्णन वाचत आहोत की महसुलाचे दप्तर चाळत आहोत असा संभ्रम पडतो. पुढे लखनौच्या नवाबांनी हा शौक इतक्या थराला नेला, की अब्दुल हलीम शरर यांनी गतकालीन लखनौचे सांगोपांग वर्णन लिहावयास घेतले तेव्हा काव्य, संगीत आणि पाककला यांच्या बरोबरीने श्वापदांच्या झुंजींनाही त्यांना स्वतंत्र जागा द्यावी लागली. मराठी दौलतीकडे पाहिले तर बडोद्याची साठमारी, म्हणजे रिंगणात माणसांनी हत्तीला डिवचून त्याच्याशी झुंजण्याचा खेळ, सर्वांच्या परिचयाची आहे. खंडेराव गायकवाडांच्या कारकीर्दीत (१८५६–१८७०) तेथे पाहुणचार घेतलेल्या लुई रूसले या फ्रेंच प्रवाशाने त्या रिंगणाचे जे वर्णन केले आहे त्यात एक तपशील लक्षात ठेवण्याजोगा आहे. रिंगणाच्या जाड भिंतींत जागोजाग अरुंद दारे ठेवलेली असत. हत्ती अंगावर आला की साठमारीवाला त्यांतून निसटे आणि हत्ती बाहेरच अडून राही.

पळून जाण्याची मुभा माणसाला होती, पशूला नव्हती; आणि माझ्या मते या एका फरकामुळेच रिंगणातील सारे निकाल संशयास्पद ठरतात. विल्यम नाइटन यांच्या नावावर १८५५ साली प्रसिद्ध झालेल्या पुस्तकात लखनौचा नवाब नसीरुद्दीन हैदर याच्या दरबारातील एका झुंजीची हकीकत आहे, तिच्यात माणसांना फाडणाऱ्या एका माजोऱ्या घोड्यासमोर वाघ सोडला गेला आणि घोड्याने मागच्या लाथेसरशी वाघाचा जबडा मोडला असे सांगितले आहे. हकीकत तिखटमीठ लावून सांगितलेली असेल, तथापि अशक्य नाही. जंगलात असा प्रसंग घडता तर वाघ दबा धरून मागून आला असता, नाहीतर मुळीच आला नसता. चार भिंतींच्या आत त्याला दबा धरता येत नव्हता आणि निघूनही जाता येत नव्हते. ‘घोडा वाघाला जिंकतो’ असा सिद्धान्त यावरून कोणी काढील तर तो सिद्धान्त घोड्याविषयी नसून भिंतीविषयी आहे असेच म्हणावे लागेल.

प्रस्तुत प्रकरणासाठी हत्ती, गेंडा, वाघ ही बडी मंडळी बाजूला ठेवून मी पंधरा किलोंपासून शंभर किलोंच्या आसपासचे, म्हणजे मध्यम आकाराचे, वन्य पशू मुद्दाम निवडले आहेत. याचे कारण असे, की हत्तीला कोणाची भीती नसते आणि उंदराला सर्वांचीच असते, त्यामुळे दोघांच्याही बाबतीत फैसला आधीच झालेला असतो. परंतु तरस, बिबट्या, लांडगा, साळिंदर, रानडुक्कर ही मधली प्रजा एका प्रसंगी मारेकरी असते, दुसऱ्या प्रसंगी सावज असते आणि तिसऱ्या प्रसंगी नुसतीच प्रतिस्पर्धी असते. अशांची एकमेकांशी गाठ पडली तर काय होईल हा प्रश्न खरोखरीच मोकळा राहतो.

पुराव्याबद्दल दोन शब्द आधी सांगितले पाहिजेत. असे सामने प्रत्यक्ष डोळ्यांनी पाहिलेली माणसे फार थोडी. मुंबईची नॅचरल हिस्टरी सोसायटी १८८३ साली स्थापन झाली आणि १८८६ पासून तिचे नियतकालिक निघू लागले. त्यात वनाधिकारी, मळेवाले, शिकारी, लष्करी अंमलदार अशा नाना लोकांनी धाडलेली टिपणे छापली जात. असल्या टिपणांतून पुष्कळ वेळा आढळते ते झुंजीनंतरचे दृश्य : उकरलेली माती, रक्ताचा सडा, एक प्रेत आणि दूर गेलेल्या दुसऱ्याची पावले. यावरून कोण मेला ते कळते. कोणी आगळीक केली, कोण आधीपासून जखमी होता, कोण म्हातारा होता, हे कळत नाही. शिवाय ज्या शेकडो भेटींत दोघांनी एकमेकांकडे पाहिले आणि वाट बदलली त्यांची नोंद करण्यासारखे मागे काहीच उरत नाही. म्हणून दप्तरात रक्तपाताची प्रकरणे तेवढी दाखल होतात आणि समेटाची सारी बाहेर राहतात.

आता तरस आणि बिबट्या यांचा दावा घेऊ; कारण महाराष्ट्राच्या पठारावर ही दोन जनावरे अनेक ठिकाणी एकाच शिवारात, एकाच ओढ्याच्या काठाने आणि एकाच रात्रीच्या प्रहरी हिंडतात. भारतीय बिबट्याचा नर पन्नास ते सत्तर किलोंचा आणि मादी साधारणतः तीस ते चाळीस किलोंची असते. पट्टेवाले तरस पंचवीस ते पंचेचाळीस किलोंमध्ये बसते. नर बिबट्यापुढे तरस उणे पडेल, परंतु मादीशी त्याची जोड अगदी बरोबरीची लागते. येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. माणसासारखे खिदळणारे, टोळीने सिंहिणींच्या अंगावर जाणारे तरस ते आफ्रिकेतील ठिपकेवाले तरस. आपले पट्टेवाले तरस बहुतेक एकटेच हिंडते, क्वचितच तोंडातून आवाज काढते आणि त्याची उपजीविका मुख्यतः मेलेल्या ढोरांवर चालते. आफ्रिकेतल्या चित्रफिती पाहून आपल्या तरसाविषयी मत बनवणे म्हणजे एका भावाच्या वर्तनाची कैफियत दुसऱ्याकडून लिहून घेण्यासारखे आहे.

दोघांची हत्यारे पाहिली तर ती दोन अगदी भिन्न कामांसाठी घडवलेली आहेत हे ध्यानात येते. बिबट्याचे पुढचे पंजे ही त्याची खरी मिळकत. चालताना नखे म्यानात असतात, त्यामुळे ती बोथटत नाहीत, आणि झडप घालताना बाहेर येऊन सावजाला धरून ठेवतात. पकड बसली की सुळे गळ्यात रुततात आणि श्वास कोंडेपर्यंत सुटत नाहीत. तरसाला धरण्याची सोय नाही. त्याची नखे कुत्र्याच्या नखांसारखी सदैव उघडी आणि बोथट असतात, मागचे पाय पुढच्यांपेक्षा आखूड असल्यामुळे चालीत झडप नाही, आणि जे काही करावयाचे ते तोंडानेच. पण ते तोंड कसे आहे! तरसाची कवटी हातात घेतली तर बोटांना प्रथम जाणवतो तो माथ्याच्या मध्यावरून मागे गेलेला हाडाचा उंच कंगोरा, ज्याला जबडा मिटवणारे स्नायू चिकटलेले असतात. मग सुळ्यांच्या मागच्या उपदाढांवर नजर जाते. त्या रुंद बुडाच्या, शंकूसारख्या, ओबडधोबड असतात आणि म्हाताऱ्या जनावराच्या कवटीत झिजून जवळजवळ सपाट झालेल्या दिसतात. आयुष्यभर बैलाच्या नळ्या फोडल्याची ती खूण होय. हाडे पचवण्याची ताकद पोटातही आहे, म्हणूनच तरसाची विष्ठा वाळली म्हणजे चुन्यासारखी पांढरी पडते आणि जुन्या वाटाड्यांना तरसाचा माग तिच्यावरूनच लागतो.

चाव्याच्या जोराचे मापही शास्त्रज्ञांनी काढले आहे. स्टीफन रो आणि त्यांचे सहकारी यांनी २००५ साली अनेक मांसभक्षक प्राण्यांच्या कवट्यांवरून, शरीराच्या वजनाचा हिशेब वजा करून, सुळ्यांशी पडणाऱ्या जोराचा एक तुलनात्मक अंक ठरवला. त्या यादीत पट्टेवाल्या तरसाचा अंक ११३ आणि बिबट्याचा ९४ आहे. आकड्याला आकडा लावून निकाल देणाऱ्यांना हे घबाड वाटेल. परंतु त्याच यादीत टास्मानियातील ‘डेव्हिल’ नावाच्या, आठ-दहा किलोंच्या जनावराचा अंक १८१ आहे, आणि म्हणून ते बिबट्याला लोळवील असे कोणी शहाणा म्हणणार नाही. हा अंक वजनाच्या प्रमाणात काढलेला आहे हे एक. आणि हाड फोडण्याचा जोर व झुंजीत तो जोर योग्य जागी लावण्याची संधी या दोन स्वतंत्र गोष्टी आहेत, हे दुसरे. चावा किती जोराचा, यापेक्षा चावा बसेल का, हा प्रश्न झुंजीत आधी येतो, आणि त्याचे उत्तर कवटीत सापडत नाही.

तेव्हा बडोद्यासारख्या रिंगणात, भर दिवसा, दोघांनाही कोंडून झुंजवले तर काय होईल? माझा कौल बिबट्यास आहे. मादी असली तरीही. पंजांनी धरून ठेवणारा आणि दातांनी चावणारा गडी नुसत्या दातांनी चावणाऱ्या गड्यावर भारी पडावा हे सरळच आहे, आणि तरसाच्या अंगी मांजराची चपळाई नाही. तरसाच्या मानेवरील जाड आयाळ व कातडे बिबट्याचा गळ्याचा डाव काही काळ लांबवील, एखादा पाय तरसाच्या जबड्यात सापडला तर तो कायमचा निकामीही होईल, तरी अखेरीस रिंगणात उभा राहणारा बिबट्याच असेल असे मला वाटते. याला पुरावा म्हणून तरसाचा एक विलक्षण स्वभावही पुढे करता येईल. कुत्र्यांच्या टोळीने घेरलेले तरस कित्येकदा लढतच नाही. ते आडवे पडते, अंग ढिले सोडते, कुत्री ओढताण करीत असतानाही हालचाल करीत नाही, आणि कुत्र्यांचे लक्ष उडाले, ती दूर झाली, की उठून अंग झाडते आणि चालू लागते. शिकारी लोकांनी यावरून तरसाला भेकड ठरवले व तो शिक्का अद्याप पुसला गेलेला नाही.

परंतु भिंत काढा, आणि दोघांच्या मध्ये एक मेलेली शेळी ठेवा.

रात्रीचा दुसरा प्रहर आहे, ओढ्याच्या कडेला बिबट्याने शेळी ओढून आणली आहे, माळावर ती चढवून ठेवण्याजोगे झाड नाही. वाऱ्यावर वास घेत तरस येते. ते अंगावर धावून जात नाही. थोडे अंतर राखून एका बाजूने दुसऱ्या बाजूला जाते, थांबते, पुन्हा जाते. मानेपासून पाठीच्या टोकापर्यंतची आयाळ ताठ उभी राहते, शेपटी फुलते, आणि मघाचे किडकिडीत जनावर पाहता पाहता फार मोठे दिसू लागते. बिबट्या कान मागे पाडून, दात विचकून फिस्कारतो, दोन पावले पुढे येतो. तरस दोन पावले मागे जाते आणि पुन्हा तितकेच पुढे येते. हा प्रकार घटकाभर चालतो. त्या घटकेत बिबट्याला एकही घास स्वस्थपणे घेता येत नाही. जुन्या निसर्गाभ्यासकांनी नोंदवून ठेवले आहे, की अशा प्रसंगी बिबट्याची शिकार तरस हिसकावून नेते, आणि बिबट्याने ठार केलेली तरसेही आढळलेली आहेत. दोन्ही गोष्टी खऱ्या असून दोन्ही एकत्र खऱ्या असण्यात काहीच विसंगती नाही.

रिंगणात हरेल असे ज्याच्याविषयी मी आताच म्हणालो ते जनावर माळावर जिंकते कसे, याचा उलगडा दोघांच्या प्रपंचाकडे पाहिल्यावाचून होत नाही. बिबट्या एकटा शिकार करतो. सुळा मोडला, पंजा फाटला, डोळा गेला तर त्याला आणून घालणारे कोणी नाही, आणि उपवासाचे दिवस त्याला पुरते मोजून मिळतात. तरस लंगडत का होईना, मेलेल्या ढोरापर्यंत पोहोचू शकते. त्याच्या धंद्याला वेग लागत नाही. म्हणजे तीच जखम बिबट्याला अधिक महाग पडते. उलट, शेळीची किंमत तरसाला अधिक आहे, कारण बिबट्या उद्या दुसरी मारील, परंतु ताजे कलेवर तरसाला रोज रोज सापडत नाही. गमावण्याचे भय एकाला जास्त आणि मिळवण्याची निकड दुसऱ्याला जास्त असली म्हणजे बळाचा तराजू काहीही सांगो, माघार कोण घेईल हे बरेचसे ठरून जाते. पिल्लांची गोष्ट आली की हाच हिशेब उलटा फिरतो. मादी बिबट्याच्या पिल्लांजवळ आलेले तरस तिथून धड जाईल असे मी म्हणणार नाही.

हा हिशेब शास्त्रात मांडण्याचे श्रेय जॉन मेनार्ड स्मिथ आणि जॉर्ज प्राइस यांच्याकडे जाते. मेनार्ड स्मिथ हे आधी विमानांच्या रचनेचे अभियंता होते. पुढे ते जे. बी. एस. हाल्डेन यांचे शिष्य झाले. हे हाल्डेन १९५७ मध्ये भारतात येऊन राहिले आणि १९६४ मध्ये भुवनेश्वरला वारले, ही गोष्ट आपल्या वाचकांना ठाऊक असावी म्हणून जाता जाता सांगितली. स्मिथ व प्राइस यांनी १९७३ साली ‘नेचर’ नियतकालिकात एक प्रश्न उपस्थित केला : प्राण्यांजवळ इतकी घातक हत्यारे असताना त्यांची भांडणे बहुतेक वेळा गुरगुरणे आणि ढकलाढकली यांवरच का भागतात? ‘जातीच्या कल्याणासाठी’ हे तोवर दिले जाणारे उत्तर त्यांनी अमान्य केले आणि निव्वळ नफ्यातोट्यावर सर्व मांडणी केली. समजा, जिंकल्यास मिळणाऱ्या वस्तूचे मोल २० आहे आणि गंभीर जखमेचे नुकसान १०० आहे. दोन्ही बाजूंचे प्राणी अखेरपर्यंत लढणारेच असतील तर प्रत्येकाला निम्म्या वेळा २० मिळतील, निम्म्या वेळा १०० जातील. सरासरीने दर झुंजीमागे ४० चा तोटा. अशा समाजात वेळीच पाय काढून घेणारा न मिळवता आणि न गमावता राहील आणि झुंजारांपेक्षा सुस्थितीत असेल. बक्षीस जखमेपेक्षा मोठे असेल तेव्हाच अखेरपर्यंत लढण्यात अर्थ, एवढाच याचा इत्यर्थ. रिचर्ड डॉकिन्स व जॉन क्रेब्स यांनी १९७९ मध्ये हीच गोष्ट शिकार आणि शिकारी यांना लावून दाखवली : कोल्हा एका जेवणासाठी धावत असतो आणि ससा जिवासाठी, म्हणून ससा अधिक जोराने धावतो.

मांसभक्षकांच्या परस्पर हत्यांचा अभ्यासही याला दुजोरा देतो. एमिलियानो डोनाडिओ आणि स्टीव्हन बस्कर्क यांनी २००६ साली दाखवून दिले, की एका जातीने दुसरीला ठार मारण्याचा संभव सर्वांत अधिक तेव्हा असतो, जेव्हा मारणारा मरणाऱ्याच्या दुपटीपासून सुमारे साडेपाच पटींपर्यंत वजनाचा असतो. त्याहून मोठी तफावत असेल तर लहान प्राण्याकडे लक्ष देण्याचे मोठ्याला प्रयोजन नसते; आणि वजने जवळजवळ सारखी असतील तर जखमेची भीती दोघांनाही आवरून धरते. म्हणजे आपण माणसे झुंज लावताना ज्या बरोबरीच्या जोडीचा आग्रह धरतो, नेमकी तीच जोड निसर्ग लावीत नाही.

आता साळिंदराकडे वळू. हा वजनाने अकरा ते अठरा किलोंचा, कंदमुळे खाणारा, उंदराच्या कुळातला प्राणी. त्याने कोणाच्या वाटेला जाण्याचे कारण नाही. साळिंदर काटे फेकून मारते ही समजूत ॲरिस्टॉटलपासून चालत आली आहे आणि ती खोटी आहे. संकटाची चाहूल लागली की ते थबकते, पाय आपटते, शेपटीवरच्या पोकळ नळ्या खुळखुळवते. पाठीवरचे काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचे काटे उभारते आणि शत्रूकडे पाठ करते. इतके सांगूनही शत्रू ऐकत नसेल तर ते एकदम मागल्या मागे धावते. वीतभर लांबीचा, शिसपेन्सिलीएवढा जाड काटा पंजात, ओठात, कधी डोळ्यात घुसतो आणि साळिंदराच्या कातडीतून सहज सुटून तेथेच राहतो. अमेरिकेतील साळिंदराच्या काट्याला असते तसले सूक्ष्म उलटे दात आपल्याकडील काट्याला नसतात, पण त्याने फारसा फरक पडत नाही, कारण मांसात खोल मोडलेला काटा बाहेर काढण्यासाठी पशूजवळ हात नाहीत. (याच काट्याला गृह्यसूत्रांनी मात्र मानाचे स्थान दिले : सीमंतोन्नयन संस्कारात पत्नीच्या केसांचा भांग तीन ठिकाणी पांढऱ्या असलेल्या साळिंदराच्या काट्याने पाडावा असे त्यांत सांगितले आहे.)

जिम कॉर्बेट यांनी मुक्तेश्वरच्या नरभक्षक वाघिणीची जी हकीकत लिहिली आहे ती या संदर्भात कोणी विसरू नये. साळिंदराशी झालेल्या झटापटीत तिचा एक डोळा गेला आणि सुमारे पन्नास काटे उजव्या पुढच्या पायात व पंजाच्या गादीखाली रुतले; त्यांतले काही इंचभर, काही नऊ इंचांपर्यंतचे होते. धावता येईना, भूक तर थांबत नाही. अशा स्थितीत तिच्या हातून प्रथम एक बाई मारली गेली आणि पुढे बळींची संख्या चोवीसवर गेली. त्या एका झटापटीत साळिंदर वाचले की मेले याला येथे काही महत्त्व नाही. वाघिणीच्या दसपट हलक्या असलेल्या त्या जनावराने तिचा आयुष्यक्रम बदलून टाकला. बिबटे साळिंदरे मारतात, नाही असे नाही. काट्यांना वळसा घालून तोंडाकडून धरण्याचा डाव जे शिकतात त्यांना ते साधते. पण न शिकलेल्याला ही विद्या अंगावर प्रयोग करूनच मिळवावी लागते. साळिंदर विरुद्ध बिबट्या असा कागदी सामना लावणाऱ्यांनी निकालाबरोबर तारीखही विचारावी. त्या रात्रीचा निकाल बिबट्याच्या बाजूने लागेल. महिन्याभराने तोच फिरलेला असेल.

रानडुकराच्या बाबतीत मला फारशी शंका नाही. वयात आलेला एकुलगा नर शंभर किलोंच्या घरात सहज जातो. खालचे सुळे वरच्यांवर घासले जाऊन अखंड धारेवर राहतात, आणि खांद्यावर कातड्याखाली चिवट तंतूंची जाड ढाल असते. ती मूळची दुसऱ्या नरांशी लढण्यासाठी, पण बिबट्याच्या नखांनाही तीच आड येते. डुक्कर मान खाली घालून येते आणि खालून वर असा फटकारा मारते; हा वार सपाट्याने होतो, आणि बिबट्याचे पोट व मांड्या त्याच्या बरोबर उंचीवर असतात. बिबट्या रानडुकरे खातो हे खरे, पण ती बहुधा पिल्ले आणि अर्धवट वाढलेली असतात. रिंगणात असो, माळावर असो, उसात असो, पुऱ्या वाढीच्या नराविरुद्ध मी बिबट्यावर पैज लावणार नाही.

कोळसुंद्यांचा, म्हणजे रानकुत्र्यांचा, विचार येथे फार करण्याचे कारण नाही. एकटा कोळसुंदा पंधरा किलोंचा. बिबट्यापुढे त्याचा पाड लागत नाही. परंतु एकटा कोळसुंदा ही जंगलातली वस्तुस्थितीच नव्हे. शिटीसारखी साद घालीत आठ-दहांची टोळी आली की तोच बिबट्या झाडावर चढून बसतो, आणि ती जाईपर्यंत उतरत नाही. ‘एकास एक’ हा नियम आखाड्यातील पहिलवानांचा आहे; कोळसुंद्याने तो कधीच कबूल केलेला नाही.

वैर हाच वन्य पशूंचा स्थायी भाव असे मानणाऱ्यांना लांडगा आणि तरस यांची एक नोंद बुचकळ्यात टाकील. इस्रायलच्या नेगेव वाळवंटात लांडग्यांच्या कळपाबरोबर एक पट्टेवाले तरस फिरताना आढळले. पुढेमागे नव्हे, कळपाच्या मधोमध. व्लादिमीर दिनेट्स व बेनियामिन एलिगुलाश्विली यांनी २०१६ साली ही हकीकत प्रसिद्ध केली. तेथील जमीन इतकी निष्ठुर आहे, की लांडग्याचा वेग आणि तरसाचे नाक व जबडा एकत्र आल्याने दोघांचेही बरे होत असावे, असे त्यांचे अनुमान आहे. अनुमान बरोबर असो वा नसो, आपल्याकडच्या सोलापूर-पुण्याच्या माळरानांवर हीच दोन जनावरे राहत असल्याने ही नोंद आपल्या दृष्टीने उपरी नाही.

प्राण्यांना परस्परांशी झुंजवणे आता गुन्हा आहे. १९६० च्या प्राणिक्लेश-प्रतिबंधक कायद्याने ते निषिद्ध केले, आणि गोव्यातील धिरयो, म्हणजे बैलांच्या झुंजी, उच्च न्यायालयाने १९९६ मध्ये बंद करण्याचा हुकूम दिला. भिंती बांधून उत्तर मिळवण्याचा मार्ग संपला हे योग्यच झाले, कारण त्या मार्गाने खरे उत्तर मिळतही नव्हते. खरे उत्तर जेथे रोज रात्री तयार होत आहे ती जागा अहिल्यानगर (पूर्वीच्या अहमदनगर) जिल्ह्यातील अकोले तालुक्यासारखी आहे. विद्या अत्रेय आणि सहकाऱ्यांनी तेथील शेतीच्या मुलखात आपोआप छायाचित्र घेणारे कॅमेरे लावून केलेला अभ्यास २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला : दर चौरस किलोमीटरला तीनशेहून अधिक माणसे राहत असलेल्या त्या भागात दर शंभर चौरस किलोमीटरमागे सुमारे पाच बिबटे आणि सुमारे पाच तरसे निघाली. हे बिबटे प्रामुख्याने कुत्री व शेळ्यांसारखी पाळीव जनावरे खाऊन राहतात, आणि तरसांना मेलेली गुरे व उष्टी शिकार मिळते. ज्या जोडीचा निकाल आपण येथे एवढी शाई खर्चून लावू पाहिला ती जोड तेथे एकमेकींना न संपवता नांदत आहे.

वाचकांपैकी जे अशा शिवारात राहतात त्यांना एक विनंती आहे. बिबट्या आणि तरस, किंवा तरस आणि लांडगे, समोरासमोर आलेले कधी दिसले तर दूर, सुरक्षित जागी राहून तारीख, वेळ आणि ठिकाण टिपून ठेवावे; कलेवरावर आधी कोण होते, आयाळ कोणी फुलवली, कोण किती वेळ थांबले आणि कोण कोणत्या दिशेला गेले, हे जसे दिसले तसे लिहावे; आपला तर्क त्यात मिसळू नये. कोणी कोणाला मारले नाही, दोघे आपापल्या वाटेने गेले, असे घडले तर ते तर अवश्य लिहावे आणि जवळच्या वनखात्याच्या कचेरीत किंवा एखाद्या निसर्गमंडळाकडे नोंदवावे, कारण असल्या नोंदी अजून फारच थोड्या आहेत.